आमचुराचं छप्पर

सातपुड्याच्या पायथ्याच्या शाखेत माझी बदली झाली तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. आमची बँक लहानशी, सहकारी. मुख्य कचेरी शहाद्याला, सभासद बहुतेक तापीकाठचे गुजर शेतकरी, त्यातले निम्मे माझ्या माहेरच्या नाहीतर सासरच्या नात्यातले. माझ्या वडिलांचा ऊस पुरुषोत्तमनगरला कारखान्यात जायचा आणि उसाचे पैसे याच बँकेत यायचे. पुढे मी तिथंच कारकून म्हणून लागले. सगळी नोकरी ओळखीच्या माणसांत गेली. काउंटरपलीकडून हाक यायची तीसुद्धा ‘बेन’ नाहीतर ‘काकी’ अशीच.

त्यामुळे शाखाधिकारी होऊन पायथ्याच्या बाजारगावात गेले तेव्हा पहिले काही महिने मला परमुलखात आल्यासारखं झालं. अंतर बसनं तासाभराचं, पण माणसं वेगळी. डोंगरातून उतरणारे लोक घरी पावरी बोलायचे. आमची अहिराणी त्यांना बाजारापुरती यायची, आणि बँकेतली मराठी म्हणाल तर ती त्यांनीही शाळेत शिकलेली, मीही शाळेतच शिकलेली. मधे उभा असायचा आमचा शिपाई. तो स्वतः पावरा आदिवासी, घाटावरच्या एका पाड्यातला, शाखेत वीस वर्षं काढलेला. डोंगरातला कुठलाही खातेदार आधी त्याच्याजवळ जायचा, हळू आवाजात काय ते सांगायचा, मग तो ते माझ्यापर्यंत आणायचा.

अशा खातेदारांत एका बचत गटाची अध्यक्ष होती. पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच, सडसडीत, चांदीच्या जाड कड्या घातलेली. महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी ती जीपनं खाली यायची. गटाचं पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं असायचं. ते काउंटरवर ठेवलं की ती भिंतीशी फरशीवर बसायची. बाकडं रिकामं असायचं, मी दोनतीनदा हातानं खूण करून दाखवलंही, पण ती मान हलवायची आणि खालीच बसायची. आठ वर्षांत तिच्या गटाची बचत एकाही महिन्याला चुकली नव्हती. अर्धा गट उसतोडीला गुजरातेत गेलेला असे तेव्हाही मागे राहिलेल्या बायका सगळ्यांचे पैसे गोळा करून पाठवत, आणि होळीला माणसं परत आली की आपसात भरून घेत.

आमच्या शाखेची खिडकी थेट बाजाराच्या मैदानावर उघडायची. वैशाखात त्या मैदानात आमचुराची पोती यायची. डोंगरातल्या बायका कच्चे आंबे सोलून, चिरून, खडकावर वाळवायच्या आणि डोक्यावरून, जीपच्या टपावरून पोती खाली आणायच्या. व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर फोडी वर काढायचा, उलटसुलट करून बघायचा आणि मग मान वर करून आभाळाकडे बघायचा. आभाळ स्वच्छ असेल तर एक भाव, ढग असतील तर दुसरा. आमचूर पांढरा असेपर्यंतच त्याला किंमत. दमट हवा लागली की तो काळा पडतो आणि मग कोणी विचारत नाही. ज्या बाईच्या घरी पोती ठेवायला कोरडी जागा नाही, ती ढग आलेले असताना माल परत घेऊन जाणार नाही, हे व्यापाऱ्याला पक्कं माहीत असे. मी चहा पिताना हे दोन वैशाख खिडकीतून पाहिलं होतं. त्यात माझा काही संबंध आहे असं मला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी, चैत्र संपता संपता, ती अध्यक्ष बाजाराचा दिवस नसताना आली. बरोबर गटातल्या आणखी दोघी. शिपायानं त्यांना आत आणलं आणि सांगितलं, की यांना कर्ज पाहिजे. गावात आमचूर ठेवायला पक्कं छप्पर बांधायचं आहे, म्हणजे पावसाळा काढून दिवाळीच्या सुमाराला विकता येईल, तेव्हा भाव चढलेला असतो.

मी विचारलं, सातबारा कोणाच्या नावावर आहे. शिपायानं त्यांना विचारलं. वनहक्काचे पट्टे होते, तेही नवऱ्यांच्या नावे, काही एकत्र. मी विचारलं, जामीन कोण राहील, पगारदार कोणी आहे का. कोणी नव्हतं. मग मी जे वर्षानुवर्षं बोलत आले तेच बोलले, की तारण नाही, जामीनदार नाही, अशा वेळी बँकेला काही करता येत नाही. आवाज मऊच ठेवला होता मी. चहा सांगू का, असंही विचारलं.

अध्यक्ष शिपायाकडे वळून एक वाक्य बोलली. त्यानं ते मला सांगितलं नाही. तो खाली बघत राहिला.

“काय म्हणतात त्या?” मी विचारलं.

“काही नाही मॅडम. असंच.”

“सांगा ना.”

तो अवघडला. मग म्हणाला, “ती म्हणते, आमचे आठ वर्षांचे पैसे तुमच्याकडे पडून नाहीत, ते तुम्ही कोणालातरी देता. ते कोणाला देता, तेवढं सांगा.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, बघून सांगते. ती उठली, पासबुकाची पिशवी कमरेला खोचली आणि तिघी निघून गेल्या. चहा आला तोवर त्या रस्त्याला लागल्या होत्या.

दुपारी काउंटर बंद झाल्यावर मी संगणकापुढे बसले. घाटावरच्या पाड्यांतून येणाऱ्या ठेवींची यादी काढली. ती लांबच लांब होती, एकेक रक्कम बारकी, पण यादी खाली सरकतच होती. मग शाखेच्या कर्जांची यादी काढली. ट्रॅक्टर, ठिबक, पपईची रोपं, शहाद्यातली दोन दुकानं, ब्राह्मणपुरीकडच्या एकाचं शीतगृह. सगळी चांगली कर्जं, वेळेवर फिटणारी. मी ती गावांच्या नावांवरून पुन्हा एकदा पाहिली. घाटाच्या वरचं एकही गाव त्यात नव्हतं. एकही नाही.

आणि मला त्याहून जास्त लागली ती दुसरी गोष्ट. बचत गटाला त्याच्या बचतीच्या आणि शिस्तीच्या जोरावर, तारणाशिवाय कर्ज देता येतं, हे मला माहीत होतं. त्याचं परिपत्रक माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. आमच्या बँकेत ते कोणी वापरत नव्हतं, कोणी कधी मागितलंही नव्हतं, म्हणून माझ्याही तोंडातून ‘नाही’ आलं. नियमाचं नाव पुढे केलं, पण तो नियम नव्हता, ती सवय होती. त्या बायकांना मी खोटं सांगून परत पाठवलं होतं.

रविवारी मी शिपायाला म्हणाले, मला तुमच्या डोंगरात घेऊन चला. तो चकित झाला. वीस वर्षांत कुठल्याही मॅनेजरनं त्याला हे म्हटलं नव्हतं. आम्ही धडगावच्या जीपमध्ये बसलो, मधे एका फाट्यावर उतरलो आणि तिथून तासभर चाललो. माझ्या पायांत ऑफिसच्या चपला होत्या. एका उतारावर त्यातली एक तुटली. शिपायानं कुठूनतरी सुतळी आणून ती बांधून दिली आणि जराही हसला नाही.

गट एका मोठ्या आंब्याखाली बसलेला होता. बायका पायाखाली विळी धरून आंबे सोलत होत्या. चिकानं त्यांची बोटं काळी पडली होती, काहींची कातडी सोललेली होती. पलीकडे उघड्या खडकावर फोडी पसरलेल्या, आणि एक म्हातारी हातात काठी घेऊन शेळ्या हाकत होती. अध्यक्षबाईनं मला खाट आणून दिली. त्या दिवशी मी ती बाजूला सारली आणि खाली बसले. मला वाटलं बरं दिसेल. पण तिनं खाटेकडे बोट दाखवलं आणि शिपायाकरवी सांगितलं, की पाहुणा आमच्याकडे खाली बसत नाही. मी उठून खाटेवर बसले.

मी विळी मागून घेतली आणि चारपाच आंबे सोलले. त्यांचे वीस होईतो. मग दुपारी ढग आले. पाऊस पडलाही नाही, नुसती सावली आली, पण सगळ्या बायका एका क्षणात उठल्या. चादरी, लुगडी, गोधड्या, जे हाताला लागेल ते घेऊन धावल्या, फोडी गोळा करू लागल्या. मीही उठले. ओल्या फोडी कोरड्यांत मिसळू द्यायच्या नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मिसळल्या. त्या म्हातारीनं माझा हात धरून मला बाजूला केलं. अर्ध्या तासात ऊन पडलं आणि सगळं पुन्हा पसरायचं होतं.

निघताना मी अध्यक्षबाईला सांगितलं, की त्या दिवशी मी चुकीचं बोलले. गटाला कर्ज मिळू शकतं. किती, ते मी सांगू शकत नाही, ते वरचे लोक ठरवतील. पण मी मागेन. शिपायानं ते सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे न बघता फोडी पसरणं चालू ठेवलं. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि बसावा असं मी काही केलंही नव्हतं.

संचालक मंडळाची सभा पुढच्या आठवड्यात होती. त्या सभेत आणखी एक विषय होता. दर वर्षी बँक नफ्यातला थोडा भाग धर्मादाय कामासाठी बाजूला काढायची. कधी एसटी स्टँडवर बाकडी, कधी शाळांना घड्याळं, सगळ्यावर बँकेचं नाव. त्या वर्षी आमच्या बाजारगावाच्या तोंडाशी एक स्वागत कमान उभारायचं चाललं होतं. चेअरमन साहेबांनी तिचं चित्रही काढून आणलं होतं. ते सत्तरीकडे झुकलेले, केळीचे मोठे बागायतदार, बोलायला साधे. शाखेत आले की माझ्या सासऱ्यांची चौकशी केल्याशिवाय खुर्चीवर बसत नसत.

मी उभी राहून म्हणाले, की कमानीचे पैसे आमचुराच्या छपराला द्यावेत, आणि गटाला माल धरून ठेवण्यापुरतं कर्जही द्यावं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी सभेत विचारल्याशिवाय बोलले नव्हते. एका संचालकानं विचारलं, की त्या डोंगरात वसुलीला कोण जाणार. मी म्हणाले, आठ वर्षांत त्यांनी बचत चुकवली नाही, आपल्यातल्या किती जणांबद्दल असं म्हणता येईल. हे जरा जास्तच झालं.

चेअरमन साहेब म्हणाले, “ताई, कमान रस्त्यावर दिसी. तो डोंगरमा छप्पर कोन देखी?”

मी म्हणाले, “तुम्ही एकदा बघून या, साहेब. मग नाही म्हणा.”

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते आले. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून शिपायानं खालच्या पाड्यातून एक मोटारसायकल ठरवून ठेवली होती. तिच्या मागे बसून, धोतर सांभाळत, ते वर पोचले तेव्हा घामानं चिंब झाले होते. त्यांनी फोडी हातात घेतल्या, वास घेतला, एक चावून बघितली. मग प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते प्रश्न बँकेचे नव्हते. झाड किती वर्षांचं, एक वर्षाआड मोहर येतो का, सुकायला किती दिवस, आमचूर किती दिवस टिकतो, व्यापारी कोण, तो तोंडी भाव सांगतो का वजन केल्यावर. अध्यक्ष उत्तरं देत होती, शिपाई मधे होता, पण हळूहळू शिपाई गप्प झाला. ती तिच्या बाजाराच्या अहिराणीत बोलत होती आणि ते त्यांच्या. तिनं सांगितलं, की व्यापारी आधी आभाळाकडे बघतो.

चेअरमन साहेबांनी हातातल्या फोडी परत खडकावर ठेवल्या. मग तिला म्हणाले, “आमनं बी असंच शे, माय. केळीना घड कापा का मग तो थांबत नही. ट्रकवाला बी हाई जानस.”

ती पहिल्यांदाच हसली. मोठे बागायतदार म्हणजे भाव ठरवणारे, असं तिला वाटायचं. त्यांचंही कोणीतरी ठरवतं हे तिला माहीत नव्हतं.

खाली येताना साहेबांनी मला एकच गोष्ट विचारली, की हे आपल्याला आधी का कळलं नाही. ते ‘आपल्याला’ म्हणाले, ‘तुम्हाला’ नाही. त्यांचा तो मोठेपणा मी विसरले नाही. मी म्हणाले, खिडकीतून दिसत होतं, साहेब. त्यावर त्यांनी मान डोलावली आणि जीप येईपर्यंत गुडघे चोळत बसले.

छप्पर मंजूर झालं. गावसभेनं शाळेमागची जागा दिली, वाळू आणि दगड गावानं वाहिले, पत्रे आणि सिमेंट बँकेचं. गटाला कर्जही मिळालं, मी मागितलं होतं त्याहून कमी, पण मिळालं. त्यातून गटानं प्रत्येकीला थोडे पैसे आगाऊ उचल म्हणून दिले आणि माल ताब्यात घेतला, म्हणजे कोणाला मिठामिरचीसाठी घाईनं बाजारात जावं लागू नये. कागदांवर अंगठे आणि सह्या शाखेतच झाल्या. त्या दिवशी पंधरा बायका आल्या होत्या, सगळ्या बाकड्यांवर मावल्या नाहीत, तेव्हा कॅशियरनं आपली खुर्ची बाहेर आणली.

पहिल्या वर्षी सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. श्रावणात वरून निरोप आला. मी गेले. भिंतीला लागून ठेवलेली पोती ओलावली होती. भिंत नवी होती, तिला ओल सुटली होती, आणि पोत्यांना आतून प्लॅस्टिकचं अस्तर लावायला हवं हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पाचात एक पोतं काळं पडलं होतं. अध्यक्षबाईनं माझ्यासमोर एक पोतं उघडून जमिनीवर ओतलं आणि पुष्कळ वेळ बोलत राहिली. शिपायानं सगळं सांगितलं नाही, पण मला ते कळत होतं. एवढ्या बायकांनी तिच्या शब्दावर माल आणून ठेवला होता, आणि आता त्यांना तोंड तिला द्यायचं होतं. मला बँकेत परत जायचं होतं, तिला तिथंच राहायचं होतं.

ती बोलायची थांबल्यावर मी विचारलं, आता काय करायचं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होती, हा प्रश्न विचारायला एवढं वर कशाला आलीस. मग तिनं आपल्याच घरातल्या फळ्या आणायला सांगितल्या. इतर बायकांनीही आणल्या. संध्याकाळपर्यंत सगळी पोती भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर चढवलेली होती. खराब झालेल्याचं नुकसान कोणाच्या एकटीच्या माथी न मारता सगळ्यांत वाटून घ्यायचं, हे त्यांनी तिथंच ठरवलं. त्यावर भांडण झालं, दोघी उठून गेल्या, त्यातली एक परत आली.

दिवाळीच्या आधी उरलेला आमचूर विकला गेला. वैशाखात मिळाला असता त्यापेक्षा भाव बराच चांगला होता. खराब पोत्यांचं भरून निघालं आणि वर राहिलं. फार नाही, पण राहिलं. अध्यक्षबाईची सून त्या वर्षी उसतोडीला गेली नाही. तिचं बाळ लहान होतं, आणि घरात त्या हंगामापुरतं होतं. बाकी बऱ्याच जणी गेल्याच. एका छपरानं सगळं बदलेल असं मी कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि कोणी तसं धरूनही चाललं नव्हतं.

पुढच्या वर्षी पोत्यांना अस्तरं आली. त्या वर्षी वैशाखात व्यापारी स्वतःची गाडी घेऊन घाट चढून वर आला. त्यानं खडकावरच भाव विचारला. अध्यक्ष म्हणाली, आत्ता विकायचं नाही. तो म्हणाला, ढग येतायत. ती म्हणाली, येऊ देत. हे मला शिपायानं दुसऱ्या दिवशी शाखेत सांगितलं, आणि सांगताना तो चक्क काउंटरवर हात आपटून हसला. एवढ्या वर्षांत मी त्याला मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं. कमानीचं कामही त्याच वर्षी, नव्या नफ्यातल्या धर्मादाय पैशांतून, सुरू झालं. चेअरमन साहेबांचा जीव तिच्यात होता, आणि मीही विरोध केला नाही.

माझ्या निवृत्तीला तीनचार महिने राहिले असताना मी शेवटची वर गेले. त्या दिवशी शेजारच्या पाड्यातल्या बायका आल्या होत्या. त्यांनाही आपला माल या छपरात ठेवायचा होता. गट गोल करून बसला आणि चर्चा सुरू झाली. जागा पुरेल का, भाडं घ्यायचं का, त्यांचा आमचूर काळा निघाला तर नाव कोणाचं जाईल. मला थोडीफार पावरी आता कळू लागली होती, पण त्या इतक्या भरभर बोलत होत्या की माझ्या हाती एखादा शब्दच लागत होता. एकदोनदा मला वाटलं, आता माझ्याकडे वळतील, बँकेचं काय म्हणणं आहे असं विचारतील. मी मनात उत्तर जुळवूनही ठेवलं होतं. कोणी वळलं नाही. ऊन आंब्याच्या बुंध्यापर्यंत सरकलं तरी बोलणं चालूच होतं. शिपायानं मला हळूच विचारलं, की शेवटची जीप चुकेल, निघायचं का. मी म्हणाले, बसू या थोडं, त्यांचं काय ठरतं ते ऐकू.